तलाठी नाळ बघत नाही

दोहा, शनिवार

ति. ग्लोरिया आत्या,

जय ख्रिस्त. काल, शुक्रवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सबॅस्टियन अंकलनी सुरमईचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि मला विचारलं, "तुझ्या नावावर सातबारा आहे का रे?" त्या क्षणापासून तुझा भाचा पूर्वीचा राहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू मान ताठ ठेवून वाचशील.

आता रीतीप्रमाणे: तुझे गुडघे कसे आहेत? वाडीतल्या बावखलात पाणी किती उरलंय? शेजारच्या मधुकाकांनी बांध आणखी आपल्याकडे सरकवला का? (सरकवला असेल तर त्यांना माझं नाव सांग, आता त्याला वजन आहे.) मी खुशाल आहे. दोन किलो उतरलोय, पण ते प्रेमामुळे, जेवण व्यवस्थित मिळतं.

क्रिस्टीबद्दल मी तुला मागे सहा पानं लिहिली होती आणि तू उत्तरात एकच ओळ पाठवलीस, "आधी बी.कॉम. पूर्ण कर." असो. ती इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि शुक्रवारच्या मिस्साला गाते. मीही गायकवृंदात आहे (सूर नाही म्हणून गाण्याच्या वह्या वाटतो, पण तिची वही मी दर वेळी वेगळी ठेवतो आणि तिला ते माहीत आहे). सबॅस्टियन अंकल म्हणजे तिचे पप्पा. मूळचे आपल्याच वसईचे. वाटणीला आलेली वाडी विकून कॅनडाला गेले, तिथलं नागरिकत्व घेतलं, थंडी सोसेना म्हणून इथे आले, आणि इथल्या द पर्ल बेटावर समुद्र दिसणारा फ्लॅट घेतला. पासपोर्ट चामड्याच्या पाकिटात ठेवतात. मला दोन वर्षं 'अँथनी' म्हणत आले.

त्यांनी जेवायला बोलावलं तेव्हा मला वाटलं, झालं, वह्यांचं फळ मिळालं. इस्त्रीचा शर्ट घातला, ऑफिसातल्या अश्फाककडून कोट मागून आणला (खांद्यात जरा मोठा आहे, पण त्यामुळे मी सुखवस्तू दिसतो). जेन आंटीने, म्हणजे क्रिस्टीच्या आईने, कालवण असं केलं होतं की तुझी आठवण आली. आणि मग तो प्रश्न. मी म्हटलं, आहे की! आजोबांची वाडी, पप्पांच्या मागे माझ्या आणि आत्याच्या नावावर, माझ्या वाट्याचे अकरा गुंठे. आत्या, अंकल खुर्चीवरून अर्धे उठले. "ॲड्रियन बाळा," म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं खरं नाव!

मग त्यांनी आतून कागदाची गुंडाळी आणली. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ कागद, आणि त्यांच्यावर बंगला, ओटा, झोपाळा, आणि केळींच्या मध्ये पोहायचा तलाव (आपल्याकडे बावखल असताना पोहायला वेगळा तलाव कशाला, हे मी विचारलं नाही). वसईत पंचवीस गुंठ्यांची वाडी त्यांना सापडली होती, भाव ठरला, आणि शेवटी एजंटने पासपोर्ट मागितला. पाकीट उघडलं तसा तो म्हणाला, साहेब, परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून अंकलचा बेत असा, की वाडी घ्यायची माझ्या नावावर, पैसे त्यांचे, आणि मी एका कागदावर लिहून द्यायचं की माझा तिच्याशी काही संबंध नाही.

आत्या, तू म्हणतेस मी शिकलो नाही. पण मुशैरिबच्या आमच्या घरविक्रीच्या ऑफिसात भिंतीवर कतारचा नकाशा आहे, त्यात थोडी ठिकाणं हिरवी रंगवलीत. हिरव्यात परदेशी माणसाला घर विकत घेता येतं, बाहेर नाही. माझी नोकरी म्हणजे दिवसभर लोकांचं बोट अल रुवैसच्या किनाऱ्यावरून उचलून हिरव्यात आणून ठेवायचं. किती साहेब माझ्यावर ओरडले! सगळ्यांना मी शांतपणे सांगतो, जमीन ज्यांची त्यांचा कायदा. तेव्हा अंकलनाही मी तसंच सांगितलं. तुम्हाला घेता येत नाही. मी इथे राहतो, म्हणून मलाही नवी घेता येत नाही. आणि दुसऱ्याच्या पैशांनी माझ्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. पण आजोबांनी ठेवलेली आहे ती माझी आहे, आणि ती जगातल्या कुठल्याही पाकिटात मावत नाही. (हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं.)

अंकलचा आवाज चढला. "अरे, माझा जन्म तिथला! माझी नाळ पुरलीय तिथे!"

"अंकल, तलाठी नाळ बघत नाही," मी म्हटलं.

जेन आंटी हसली आणि तिने लगेच पदार्थ वाढायला घेतले. अंकलनी मात्र ताट बाजूला सारलं. खिडकीतून त्या महागड्या समुद्राकडे बघत म्हणाले, "मला केळींच्या सावलीत म्हातारं व्हायचंय रे. इथे सावलीलासुद्धा मीटर लागतो." मला वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "बरं, बंगला तुझ्याच अकरा गुंठ्यांत बांधू, कागद माझ्याकडे राहू दे. मग क्रिस्टीचं काय ते बघू."

क्रिस्टी तोवर मोबाइलमध्ये होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिश. ती म्हणाली, "डॅड, आर यू एक्स्चेंजिंग मी फॉर इलेव्हन गुंठाज? दॅट्स नॉट ईव्हन हाफ अ‍ॅन एकर!"

माझं डोकं फिरलं. (तुला माझं डोकं माहीत आहे.) मी उभा राहिलो. म्हटलं, वाडी विकाऊ नाही आणि तुमची मुलगीही नाही. तिचा हात मी मागेन तेव्हा तिला विचारेन, आणि त्या दिवशी तुम्ही केळीखाली खुर्ची टाकून बसा, फुकट, जन्मभर, पाहुणे म्हणून. पण कागद माझ्या आत्याच्या कपाटात राहील. खलास! अंकल लाल झाले. "अर्ध्या कॉलेजचा मला कायदा शिकवतो! कशावरून तू जमीनदार? दाखव सातबारा!" मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी आणतो.

आपल्या घराण्यात इतकं सरळ उभं राहून कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. पप्पा असते तर त्यांनी बँड लावला असता.

तुझा लाडका (निदान आतातरी),
ॲड्रियन

ता. क. लावल्यापासून केळीला लोंगर किती महिन्यांनी येतं ते कळव. जेन आंटीने सहज विचारलं, मी तीन म्हटलं, आणि तिने माझ्याकडे फार वेळ बघितलं.

ता. क. २. मी कॉलेज सोडलं तेव्हा तू बोललीस, आणि मी रागाने शंभरच्या स्टॅम्प पेपरवर हक्कसोड लिहून, सही करून तुझ्या भाताच्या टोपावर आपटला होता. "घे तुझी वाडी!" असंही म्हणालो होतो बहुतेक. तो कुठे आहे? रजिस्टर न केलेल्या कागदाला किंमत नसते हे मला माहीत आहे (हेच माझं काम), पण तू एकदा तहसीलला जाऊन बसलीस की कायदा काय करणार? आत्या, तुझ्या पाया पडतो, फाडून टाक. आणि सातबाऱ्याचा फोटो गुरुवारच्या आत पाठव, माझं नाव दिसेल असा. नाव नसेल तर शुक्रवारी मी आजारी आहे. बी.कॉम.चा फॉर्म कधी निघतो तेही विचारून ठेव.

ता. क. ३. निघालो कसा ते राहिलं. दार आपटायचं ठरवून मी बाहेर आलो. पण तिथल्या दारांना वर लोखंडी हात असतो, दार आपल्या मर्जीने, सावकाश लागतं. मी दोन्ही हातांनी ओढतोय, आणि आतून आंटी म्हणतेय, "जोर लावू नको रे, आपोआप लागतं." फटीत अंकल बारीक होत चालले. तेवढ्यात फटीत क्रिस्टी आली, माझे बूट घेऊन. (मी मोज्यांवरच निघालो होतो.) बूट हातात देऊन हळूच म्हणाली, मराठीत, पहिल्यांदाच, "विचारणार म्हणालास ना? मग विचार. सातबारा नसला तरी ये."

मी बूट छातीशी धरले, एक पाऊल मागे सरलो, आणि दाराच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने, ते लावून घेतलं.