डाव नव्हे, डावे खुरपे

बागेसाठी या घरात आजवर हाताची हत्यारे आली ती अशी: छाटणीची कात्री एक, अठरा रुपये, हातदाताळे एक, सहा रुपये, पत्र्याची झारी एक, अकरा रुपये, तळाला दोनदा डाग दिलेला, खुरपी दोन. त्यांपैकी उजवे बाजारातून, साडेतीन रुपये. डावे लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेले, पाच रुपये. या शेवटच्या वस्तूपायी मला मृत्युपत्र दुसऱ्यांदा लिहावे लागत आहे.

मी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर आणि मागची बाग, परमेश्वराला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे स्वहस्ते लिहिते. येत्या बुधवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, "आजी, अगदी किरकोळ काम आहे." किरकोळ आहे तर तीन कागदांवर सह्या कशाला घेतल्या? हे मी तिथे विचारले नाही, घरी येऊन विचारत बसले आहे. चित्त थाऱ्यावर नाही. बुद्धी मात्र शाबूत आहे, हे साक्षीदारांनी ध्यानात घ्यावे.

१. मागल्या वर्षी वकिलांच्या कचेरीत टाइप झालेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. मी तोंडी सांगितले होते, "मुलीला डावे खुरपे." टाइप करणाऱ्याने लिहिले, "मुलीला डाव, खुरपे." माझा चष्मा तेव्हा दांडी तुटून पडला होता आणि जुनीच दांडी जुळते का, हे पाहण्यात मी महिना घालवला होता. तशीच सही केली. एक नक्कल मुलीला गेली.

तिचा फोन आला. "आई, घर दादाला आणि मला डाव?"

मला वाटले, ती डाव्या खुरप्याबद्दलच बोलते आहे. मी कौतुकाने म्हटले, "अगं, तुझ्या हाताला तेच शोभतं."

"म्हणजे मी जन्मभर वाढतच बसू?"

वाढणे हे झाडांचे, असे मी समजले. म्हटले, "त्यातच सुख आहे, बाई."

तिने फोन ठेवला. त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून तिचा पायही नाही आणि अक्षरही नाही. गेल्या आठवड्यात इस्पितळाचे कागद शोधताना सुनेच्या हाती ते मृत्युपत्र लागले. ती म्हणाली, "आई, आपल्याकडे वाढायचा डाव आहे कुठे? सगळ्या पळ्याच तर आहेत." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

२. हे राहते घर माझ्या मुलाला द्यावे. न्हाणीघराचा नळ घट्ट पिळू नये, आटा गेला आहे. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

३. छाटणीची कात्री सुनेला. ती फांदीवरच्या डोळ्याच्या वर बोटभर जागा ठेवून तिरपा काप घेते. मी शिकवले नव्हते, पाहून शिकली. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही, म्हणून इथे लिहिते. वापरून झाली की तेलाचा हात फिरवावा. मी इस्पितळात असताना कोणी फिरवील ना?

४. हातदाताळे धाकट्या दिरांना. त्याचा एक दात त्यांनी रंगाच्या डब्याचे झाकण उचकटताना वाकवला आणि वर म्हणाले, "वहिनी, तो आधीपासूनच तसा होता." आधीपासून तसा नव्हता. देवासमोर मी त्यांना क्षमा केली आहे. तरी दाताळे त्यांच्याच दारामागे लटकावे.

५. झारी आणि उजवे खुरपे घरातच राहावे.

६. आता मुलीचे. ती डावखुरी. देवाला उजवा हात आवडतो, असे सांगून मी तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधत असे आणि उजव्याने अक्षर गिरवून घेत असे. देवाने मला असे काही सांगितले नव्हते. बागेत मात्र कोणी पाहणारे नसे, म्हणून तिथे तिला मोकळीक होती. बाजारच्या खुरप्याचा बाक उजव्या हाताचा. तिच्या हाती ते गवताऐवजी रोपच कापी. ती नऊ वर्षांची असताना मी लोहाराला म्हटले, "बाक उलटा द्या." तो हसला, "बाई, खुरपं आरशात बघून करू का?" पण केले छान. तिच्या बोटांनी मुठीला पडलेला खळगा अजून आहे. ते मी कधीच वापरलेले नाही, दर महिन्याला नुसते पुसून ठेवते.

हे डावे खुरपे मुलीला द्यावे. त्यासोबत मागची बाग, विहिरीच्या कठड्यापासून कुंपणापर्यंत, आणि मागचे फाटक तिच्या नावे करावे. आधीच्या कागदात मी तिला खुरपे दिले आणि माती दिली नाही. ही चूक टाइप करणाऱ्याची नव्हती, माझी होती.

मुलाला विचारले आहे. तो म्हणाला, "दे ना आई. मला त्यातलं गवत कुठलं आणि रोप कुठलं, तेही कळत नाही." सुनेच्या मनात तिथे गाडीसाठी फरशी घालायचे होते. तिने होकार दिला, पण जरा थांबून दिला. म्हणून हे शाईने लिहीत आहे.

वरील मजकूर मी चष्मा लावून दोनदा वाचला. "डावे" या शब्दाखाली रेघ मारली आहे.

लिहून ठेवणारीची सही: मॅट्रिकच्या दाखल्यावर आहे तशीच
साक्षीदार पहिल्या: शेजारच्या निवृत्त परिचारिका, सही
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे घड्याळजी, सही
स्थळ: राहते घर, मागची ओसरी
दिनांक: ९ मार्च, शुक्रवार, सकाळी

मुलीच्या नकलेवर जास्तीचे: फोन करत नाही, मी पुन्हा काहीतरी भलतेच बोलेन. बुधवारी सकाळी सातला मला आत नेतील. मंगळवारचे टपाल दुपारी येते, तोवर मी फाटकाशीच असेन. घेतेस की नाही, एवढेच उलट टपाली कळव. एक शब्द पुरे. डाव्या हाताने लिही, मला येईल वाचता.