कुंकवाखालचं मेण

प्रिय आई,

तुझा व्हिसा आला हे ऐकून मी ट्राममध्ये अशी ओरडले की समोरच्या आजोबांनी दचकून पिशवीच छातीशी धरली. पण तुझं पुढचं वाक्य काही मला पचलं नाही. लग्नात मला कुंकू सुलेखामामी लावेल आणि तू मागे बसशील म्हणे! का, तर बाबा नाहीत. तिथल्या तिथे भांडले असते, पण शेजारी ध्रुव होता. लग्नाआधीच नवऱ्यामुलाला माझा अवतार कशाला दाखवा!

आल्झो, म्हणजे इथल्या जर्मनमध्ये ‘तर मग’, आधी माझ्या झुडपाचं ऐक. मेक्सिकोच्या वाळवंटात कांडेलिला नावाचं झुडूप असतं, नुसत्या काड्यांचा झुबका. आतलं पाणी सुकू नये म्हणून ते अंगभर मेण चढवतं. लोक ते उपटून उकळतात आणि वर आलेला मेणाचा फेस काढून घेतात. लिपस्टिकला तेच, च्युइंगगमला तेच. इथे ड्रेस्डेनला आम्ही त्याचा कागदी कपांना लेप देऊन बघतोय, माझी पीएचडी त्यावरच चाललीय.

ते मेण पहिल्यांदा हातात घेतलं आणि तूच आठवलीस. टिकलीने कपाळाला खाज सुटायची म्हणून तू बोटाने मेण लावायचीस, त्यावर कुंकू. बाबा मागून डोकावून, कुंकू डावीकडे सरकलंय की उजवीकडे, ते तुला मुद्दाम उलटं सांगायचे. ते गेले आणि मेणाची ती डबीही आरशापुढून गेली.

रविवारी मी स्वयंपाकघरात तसलं कुंकवाचं मेण करायचा उद्योग मांडला. कांडेलिला भलतंच कडक, पहिल्या खेपेला कुंकू सरळ नाकावर! पार्सल द्यायला आलेली शेजारीण घाबरून विचारते, रक्त येतंय का? मग एरंडेल वाढवलं, तेव्हा कुठे जमलं.

आई, ते मेण सोबत पाठवतेय. मला लावायच्या आधी तू स्वतःला कुंकू लाव, आणि तशीच विमानात बस. कोण काय म्हणेल ते माझ्यावर सोड. तू बाबांची बायको होतीस, तशीच आहेस. मामीला मी फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, कुंकू तुझ्या आईनेच लावावं, हे मीच सांगणार होते. आता माझ्या कपाळाला हात लावणारी तू एकटीच उरलीस. नाही म्हणालीस तरी लग्न होईल, पण मी बिनकुंकवाची उभी राहीन.

तुझीच हट्टी,
ईप्सिता