मिरचीवरची चकाकी

प्रिय ममता,

खांडबाऱ्याला नांदायला गेलीस आणि आपल्या मिरची वाळवायच्या पथारीला विसरलीस. इथे नजर जाईल तिथे मिरची वाळत पडली आहे आणि मी नेहमीसारखी शिंकते आहे. माल तपासायची जागा सोडताना तू आपल्या मालकांना, नवनीतभाईंना म्हणाली होतीस, शीलाला घ्या, तिच्या नजरेतून एक फटकी मिरची सुटणार नाही. तुझा शब्द मी जरा जास्तच खरा केला बघ. अशी एखादी पांढुरकी, फटकी मिरची दिसली तरी अख्खं पोतं पुन्हा ओतायला लावायची. नवनीतभाई सगळ्यांसमोर कौतुक करायचे आणि मला ते फार गोड लागायचं.

यंदा ढगाळ हवेने बराच माल फटका निघाला. देठ खुडणाऱ्या बायकांची मुकादम तुळशीबाई तुला आठवत असेल. ती बिचारी सांगायला आली, "ताई, औंदा माल असाच शे. कितलं निवडानं?" मी ऐकून घेतलं नाही. मग एकाएकी पोती लालभडक, चकचकीत यायला लागली. परवा खरेदीदाराने गाडी परत पाठवली, मिरचीला तेल चोळलंय म्हणून. तुळशीबाईने लगेच कबूल केलं. "ताईले डाग चालत नही, मंग मी काय करू?" एवढंच म्हणाली.

सोमवारी तिला आणि तिच्या बायकांना काढून टाकणार आहेत. नवनीतभाई मला म्हणाले, तुमचा काय दोष, तुम्ही तर इतक्या काटेकोर. मी मान डोलावली.

पण ममता, मला तेलाचा वास आला होता. पहिल्याच पोत्यात हात घातला तेव्हा बोटं तेलकट झाली. मी ती ओढणीला पुसली आणि पोतं पास केलं. इतका देखणा माल माझ्या हातून कधी गेला नव्हता.

सोमवारी तुळशीबाईच्या आधी मला नवनीतभाईंना हे सांगायचं आहे. नोकरी जाईल, तुझा शब्दही वाया जाईल. पण मी स्वतःला ओळखते. वाक्यं जुळवत बसेन आणि तोवर ती फाटकाबाहेर गेलेली असेल. म्हणून हे पत्र शेजारच्या दोधूभाऊंच्या हाती आजच्या गाडीने पाठवते आहे. तुला कळलं, की मला मागे फिरता येणार नाही.

पत्रातली खाडाखोड तशीच ठेवली आहे, स्वच्छ प्रत काढत बसले नाही.

तुझीच,
शीला