डॉक्टर वाचतात ते जर्नल

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या आपल्या गणित विभागात मराठी बोलणारे आपण दोघंच. तुम्ही तिथल्याच बसवनगुडीतले पिढीजात, मी पुण्याहून तुमच्याकडे पीएचडीला आलेली. औषधानंतर कॅन्सरची गाठ पुन्हा कशी वाढते, याची समीकरणं मी मांडली होती. गाठींची मापं एका इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी दिली होती. औषधाच्या दोन डोसांमधलं अंतर कमी केलं तर काही रोग्यांत गाठीला सावरायला वेळ मिळणार नाही, असं उत्तर निघत होतं. बाई म्हणाल्या, "हे आम्ही वाचतो त्या जर्नलला पाठवा. कुणीतरी करून तरी पाहील."

तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही कॉफी गाळताय आणि मी धीर करून त्या जर्नलचं नाव काढते. तुम्ही वळूनही बघत नाही. "डॉक्टरांच्या जर्नलात छापून गणितात कोण मोठं झालंय गं? नोकरी तुला ते देणार आहेत का?" मग फक्त गणितज्ञ वाचतात अशा एका परदेशी जर्नलचं नाव घेता. "पण सर, बाई म्हणत होत्या..." "स्वल्प थांब," तुमचं ते कानडी मिसळलेलं मराठी. "घाई करू नकोस."

थांबले. वर्षाहून जास्त थांबले. शेवटी त्या परदेशी जर्नलचं उत्तर आलं: गणित साधंच आहे, उपयोग चांगला आहे, वैद्यकीय जर्नलला पाठवा. तोवर परदेशातल्या एका गटाने तेच छापलं होतं, नेमकं बाईंनी सांगितलेल्या जर्नलात. मी तो अंक ग्रंथालयातून आणून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचलात आणि खूश होऊन म्हणालात, "म्हणजे आपलं बरोबर होतं की!"

बाईंना सांगायला मी एकटीच गेले. बाहेर रोग्यांची रांग होती. "मापं घेताना मी त्यांना सांगायचे, याचा कुणाला तरी उपयोग होईल," एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. पुन्हा मला मापं मिळाली नाहीत. विषयच सुटला. नंतर आयुष्यभर मी पाइपातून वाहणाऱ्या पाण्याची समीकरणं सोडवली.

तुमच्या शोकसभेत जो तो म्हणत होता, सरांनी दर्जाशी कधी तडजोड केली नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसलाय म्हणाले.

आज लिहायला बसले ते तुम्हाला क्षमा केली, असं लिहायचं म्हणून. हे कुठे पाठवायचं नाही, कुणी वाचणार नाही. तरी ते एक वाक्य लिहवत नाहीये.