उड्डाणापूर्वीची चौतीस कलमं

१ मे १९९८, शुक्रवार

सोसायटीत ध्वजवंदन. माझं भाषण, पंचावन्न मिनिटं. विषय : शौर्य. 'वैमानिक दांडा मागे ओढतो आणि आकाश कवेत घेतो' या वाक्यावर टाळ्या येणार हे ठाऊक होतं, म्हणून थांबलो. त्या थांबण्यात बी-विंगमधला नवा भाडेकरू उभा राहिला. शहाजी जगदाळे. हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त. विमानं चालवायचा नाही, दुरुस्त करायचा. म्हणजे पान्हे फिरवणारा. त्याने विचारलं, "साहेब, दांडा ओढायच्या आधी काय करतो?"

मी म्हणालो, मातेचं स्मरण करतो.

लोक हसले. सुचित्राही हसली. ऐरोलीची बौद्धिक पातळी ही अशी. खाडी बुजवून घरं बांधता येतात, श्रोते बांधता येत नाहीत.

२ मे

निश्चय. लढाऊ विमान शिकणार. विपुल, म्हणजे सुचित्राचा भाऊ, महाप्याच्या कंपनीत आहे. तिथले जुने कॉम्प्युटर काढून टाकतायत. त्यावर हुबेहूब विमान चालवण्याचे खेळ असतात म्हणे. 'खेळ' हा शब्द विपुलचा. मी त्याला अभ्यास म्हणणार.

सुचित्राने विचारलं, आधी स्कूटरचं लायसन्स काढायचं का. मी स्कूटरची परीक्षा दोनदा नाकारली आहे. नापास होणं वेगळं.

९ मे, शनिवार

कॉम्प्युटर आला. जॉयस्टिक आली. सोबत माहितीपुस्तकाची झेरॉक्स, चारशे बारा पानं. चाळली. भाषा अत्यंत दरिद्री. 'बॅटरी चालू करा. दिवा लागला का पाहा.' मी रोमचा उदय आणि अस्त सहा खंडांत वाचला आहे. दिवा लागला का पाहा!

विपुल म्हणाला, "भाऊजी, आधी ट्रेनिंगचे धडे करा. विमान हवेतच असतं, नुसतं वळवायचं." हवेत आयतं मिळालेलं विमान म्हणजे सासऱ्याची गादी. मी जमिनीवरून सुरुवात करणार. सगळे कठीण पर्याय चालू ठेवून.

१० मे, सकाळी ६.१०

इंजिन सुरू होत नाही.

७.४०

होत नाही. कॉम्प्युटरच्या कार्यक्रमात दोष असावा.

८.०५

आमच्या कामवाल्या बयाबाई लादी पुसायला आल्या. दिवागावच्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सायब, चालू नाय केलं काय?" यांना काय कळतंय.

१७ मे, रविवार

गणेशोत्सवाची पहिली बैठक. सेक्रेटरी वैजयंतीताईंनी विषय काढला की चौथ्या दिवशी व्याख्यानाऐवजी यंदा काही वेगळं ठेवावं अशी मागणी आहे. मागणी कोणाची, हे सांगितलं नाही. चौथा दिवस माझा. नऊ वर्षं माझा. बेलापूरच्या ऑफिसात मी आवक-जावक बघतो, तिथे मला कोणी तोंड उघडू देत नाही. वर्षातून एक संध्याकाळ मला लोक पुढे बसून ऐकतात. ती कोणाच्या ऑर्केस्ट्राला द्यायची?

उभा राहिलो. जाहीर केलं की यंदा व्याख्यान सप्रयोग होईल. सर्वांदेखत लढाऊ विमान सुरू करीन, उडवीन आणि उतरवीन. शहाजीने एकट्याने टाळी वाजवली. त्यात उपरोध होता का ते ठरवता आलं नाही.

वैजयंतीताईंनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "कमळाकरराव, नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून चौथा दिवस आपण जगदाळ्यांना देऊ. ते खऱ्या विमानांचे अनुभव सांगतील." मी हसलो. पान्ह्याचे अनुभव.

२ जून

इंजिन अजून सुरू नाही. कारण सापडलं. उड्डाणापूर्वीच्या यादीत चौतीस कलमं आहेत आणि ती पाठ केल्याशिवाय हे यंत्र दाद देत नाही. पाठांतर! माझ्या हातचा मळ. दोन दिवसांत चौतीसच्या चौतीस.

फक्त यादीची रचना भिकार. सगळ्यात जोरदार कलम, 'इंजिन सुरू', हे सहाव्या क्रमांकावर. पुढे अठ्ठावीस कलमं नुसती रड. ज्याने आयुष्यात एक सभा गाजवली आहे तो असं करणार नाही. जोरदार मुद्दा शेवटी. मी फेररचना केली. आता आरंभी सीटचा पट्टा (नम्र सुरुवात), मध्ये दिवे, रडार, क्षेपणास्त्रं (चढ), मग बॅटरी आणि शेवटी इंजिन. ऐकताना अंगावर काटा येतो.

सुचित्राला म्हणून दाखवली. ती गवार मोडत होती. म्हणाली, "अहो, बॅटरी तेहतिसावी? मग दिवे कशावर लागले?"

तांत्रिक बाबींत बायकांनी पडू नये, असं मी म्हणालो नाही. गवार माझ्या आवडीची आहे.

७ जून

शहाजी घरी आला. वैजयंतीताईंनी पाठवला असणार. चहा घेतला. मी त्याला फेररचित चौतीस कलमं म्हणून दाखवली, पूर्ण आवाजात. खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली.

तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, ऐकायला झकास. पण विमानाला टाळ्या कळत नाहीत."

मग पुस्तकातली मूळ यादी घेतली, बोट ठेवत एक एक कळ दाबली. सहाव्या कलमाला इंजिन सुरू झालं. माझ्या घरात, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्याआधी. जाताना सांगून गेला की एक ओळ वाचायची, एक हात करायचा, मग घड्याळं बघायची, आणि तोवर तोंड बंद. बत्तीस वर्षं तो हेच करत आला म्हणे.

बत्तीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार?

२१ जून

मूळ क्रम स्वीकारला. पराभव नव्हे, सौजन्य. इंजिन सुरू होतं. मात्र प्रत्येक कलमानंतर समोर श्रोते आहेत असं समजून दोन वाक्यं स्पष्टीकरणाची म्हणतो, कारण प्रयोगाच्या दिवशी ती लागणारच. धावपट्टीवर विमान डावीकडे जातं. मी बोलत असतो, ते गवतात असतं.

आजवर उड्डाणं : ०. गवत : २३.

१२ जुलै, रविवार

उडालो. चौदा सेकंद. चाकं आत घ्यायची राहिली आणि 'आकाश कवेत घेतो' हे वाक्य पूर्ण होईपर्यंत डोंगर आला. डोंगर तिथे असण्याचं कारण नव्हतं.

ऑटोपायलट नावाची एक कळ आहे. ती दाबली की विमान आपलं आपण सरळ जातं. पळपुट्यांची सोय. दाबली. ते सरळ गेलं. मग पुढे काय करायचं ते सुचेना.

बयाबाई : "सायब, आज पन परलं का?"

यांना विमान पडलेलं लांबून कळतं. मला कसं कळत नाही, याचा विचार केला पाहिजे. नको. वेळ नाही.

१९ जुलै

उतरणं. एकसष्ट प्रयत्न, एकही नाही. मुळात उतरणे हा वीराचा विषयच नव्हे. इतिहासात चढाया आहेत, उतरण्या कुठे आहेत? पण बैठकीत 'उतरवीन' असं बोलून गेलो. वैजयंतीताईंच्या वहीत ते अक्षर आहे. मी जिथे जिथे फसलो तिथे एक क्रियापद जास्त होतं.

२८ जुलै

घसा बसला. पूर्ण. डॉक्टरांनी पाच दिवस बोलणं बंद सांगितलं. ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही.

३० जुलै, सकाळी ५.५०

आश्चर्य. इंजिन सुरू, धावपट्टी सरळ, उड्डाण, वळण, लक्ष्यावर नेम, परत. उतरताना एकदा आपटलं, पण चाकांवरच.

६.२५

पुन्हा. आपटलंसुद्धा नाही.

३१ जुलै

सलग तीन. सुचित्रा पाठीमागे उभी राहून बघत होती. माझ्या पाटीवर (हल्ली पाटीवर लिहून बोलतो) मी लिहिलं, 'पाहिलंस?' ती म्हणाली, "पाहिलं. छान." एवढंच, पण चहा ठेवून ती परत येऊन बसली. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. माझ्या कार्यक्रमाला ती मध्यंतरापर्यंत थांबते.

यशाची कारणं तपासली. ज्येष्ठमधाचा काढा असावा. शिवाय मी इंधन पाव टाकीच भरतो, विमान हलकं राहतं. ही युक्ती पुस्तकात नाही. पुस्तकवाल्यांना सुचली नाही.

४ ऑगस्ट

आवाज परत आला. सकाळी तीन उड्डाणं, तिन्ही गवतात. काढा सुरू ठेवला आहे. गुण येत नाही. कंपनीने ज्येष्ठमधात भेसळ केली असणार.

२३ ऑगस्ट

परवा गणपती. भाषण तयार. एकोणतीस पानं. शहाजी जिन्यात भेटला. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी आधी उडवा अन् उतरवा. मग काय बोलायचं ते बोला." मला क्रम शिकवतो.

तरी रात्री पडल्या पडल्या वाटलं, बरोबर असेल का. मग झोप लागली.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. चौथा दिवस. दुपारी ४

मन स्थिर. इंधन पाव टाकी. मंडपात कॉम्प्युटर लावला, आवाज लाऊडस्पीकरला जोडला. विपुलने मोठा पडदा आणला आहे. खुर्च्या दीडशे. आज ऐरोलीला कळेल.

२९ ऑगस्ट

जे झालं ते नि:पक्षपातीपणे लिहितो.

मंडप भरलेला. शहाजी दुसऱ्या रांगेत. सुचित्रा पहिल्या. मी बसलो. एक ओळ, एक हात. सहाव्या कलमाला इंजिन सुरू झालं आणि लाऊडस्पीकरमधून असा गडगडाट उठला की मागच्या खुर्च्यांवरचे लोक उभे राहिले. विमान धावपट्टीच्या टोकाला आणून उभं केलं. अगदी सरळ. गवत नाही. आणि टाळ्या! नऊ वर्षांत अशा नाहीत.

टाळ्या पडल्यावर माणसाने गप्प बसायचं असतं का?

मी माईक घेतला. इंजिन मागे गर्जतच होतं, त्याने भाषणाला धार आली. शौर्यावर बोललो. रोमवर बोललो. गप्प राहण्याच्या रोगावर बोललो. नवी मुंबईच्या मध्यमवर्गाचं काय होणार, त्यावर बोललो. सभा खिळलेली. काही लोक उठले, ते पाणी प्यायला असणार. बावन्न मिनिटांनी शिखर आलं. एका हातात माईक, दुसऱ्याने जॉयस्टिक धरली आणि म्हणालो, "आणि आता... झेप!"

त्याच क्षणी आवाज थांबला.

माझा नव्हे. इंजिनाचा.

कळा दाबल्या. सगळ्या दाबल्या. लाऊडस्पीकरमध्ये नुसतं सूं. दुसऱ्या रांगेतून पुढे येऊन शहाजी अगदी हळू म्हणाला. त्याला वाटलं असेल मलाच ऐकू जाईल, पण माईक माझ्या हातात होता.

"साहेब, तेल संपलं."

बावन्न मिनिटं उभ्या उभ्या जळालं. इंधनाचं घड्याळ पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली, बटाट्याच्या कापाएवढं. असली महत्त्वाची गोष्ट इतकी लहान ठेवली, यात माझा काय दोष?

लोक हसले. हसू द्या. मग वैजयंतीताईंनी जगदाळ्यांना विनंती केली. तो नको म्हणत होता. शेवटी बसला. टाकी भरली, चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं. बारा मिनिटांत उडून, नेम साधून, उतरला. तोंडातून शब्द नाही. दीडशे खुर्च्यांत खोकलासुद्धा नाही. विमान थांबल्यावर त्याने एक एक करून सगळं बंद केलं, बॅटरी शेवटी, तेव्हा कुठे टाळ्या. मी घड्याळ लावलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंद.

सुचित्रा शेवटपर्यंत थांबली होती.

घरी येताना म्हणाली की ती सलग तीन विमानं खरंच छान होती, घसा बसला होता तेव्हाची. मी म्हणालो, काढ्यामुळे.

६ सप्टेंबर, रविवार

विसर्जन काल झालं. आज वैजयंतीताई आल्या. पुढच्या वर्षीचा चौथा दिवस जगदाळ्यांचा. वहीतलं अक्षर दाखवलं, मी पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "कमळाकरराव, परिचय मात्र तुम्हीच करायचा. दोन मिनिटं. जगदाळ्यांनीच सांगितलंय, तुम्हीच पाहिजे."

होय म्हणालो. अकरा पानं लिहिली. हवाई दलाची स्थापना, पान्ह्याचा इतिहास, कष्टाची प्रतिष्ठा. घेऊन बी-विंगला गेलो. शहाजी टेबलफॅन उघडून बसला होता. पानं बघितली, जपून घडी घालून परत दिली. विचारलं, मग परिचयात सांगू काय?

"नाव सांगा अन् बसा."

हे सार्जंट शहाजी जगदाळे. चार शब्द. संध्याकाळपासून आरशासमोर तालीम चालू आहे. नाव व्यवस्थित येतं. बसणं अजून जमत नाही.