सुदर्शनला यंदा येळवस नाही

उदगीर, २२ डिसेंबर २०२४

चि. सुदर्शन यास कस्तुराआजीचे आशीर्वाद. वि. वि.

मी तुझ्या बापाची आई. विसरला असशील, म्हणून आधीच सांगते. मोठे लेखक तुम्ही, पुस्तकातली शंभर माणसं ध्यानात ठेवायची, त्यात घरची कुठं मावणार? मी सांगायलेय, तुझी बहीण ऋतुजा लिहायलीय.

तुझी नवी कादंबरी तिनं मला वाचून दाखवली. लई खपली म्हणे. माझी मैतरीण पंचफुला नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून लेक कडेवर घेऊन एकटी माहेरी चालत आली होती. हे मी तुला भाकरी थापता थापता, घरातलं म्हणून सांगितलं. तू तिचं नावसुद्धा बदललं न्हाईस, वर तिला बांगडीवाल्याबरोबर पळून जायला लावलंस! उमरीच्या पाहुण्यांनी ते वाचलं आणि तिच्या नातीची, पुनमची, ठरलेली सोयरीक मोडली. पंचफुला आठ दिवस दाराबाहेर आली न्हाई.

रविवारच्या पेपरातल्या तुझ्या सदरात खरं काय ते लिही. तोवर येळवशीला, अवसेच्या जेवणाला, आपल्या शेतात पाय ठेवू नको. दुसऱ्या कुणाच्या शेतात जेवतोस, तेही बघते.

तब्येतीला जप. लोभ हाय, राग त्याच्यापेक्षा जास्त हाय.

तुझी आजी


लातूर, ३० डिसेंबर २०२४

ती. आजीस सुदर्शनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो होतो. कादंबरीत सगळं कल्पनेतलं असतं, असं उत्तरही तयार ठेवलं होतं. आज येळवस, आणि हसू पळालं.

भुजंगकाकांना फोन केला, तर म्हणाले यंदा घरच्याघरीच आहे. शेषेरावमामांनी सरळ सांगितलं की म्हातारीचा निरोप आलाय. शेजारी कुलपं लावून आपापल्या शेतात गेले. गंजगोलाईच्या बाजारात एक हॉटेल उघडं नाही. वाटसरूलाही हाक मारून भज्जी-आंबील वाढायचा हा दिवस, आणि तुझ्या नातवानं बिस्किटाचा पुडा खाल्ला.

पुढच्या आवृत्तीत नाव बदलतो म्हणणार होतो, पण तू ऐकायची नाहीस. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानं भागतही नाही. रविवारी लिहितो. प्रकाशक रागावलेत. वाचक काय म्हणतील, देव जाणे.

उपाशी नातवावरचा लोभ कमी करू नकोस.

सुदर्शन


उदगीर, ७ जानेवारी २०२५

चि. सुदर्शन यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं सदर ऋतुजानं पंचफुलाच्या अंगणात मोठ्यानं वाचलं. सगळी गल्ली जमली होती. पंचफुला मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, परत वाच.

पेपर उमरीलाही पोचला. काल पाहुणे पेढे घेऊन दारात! म्हणे सोयरीक पुन्हा जोडू. पुनमनं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की पुस्तकाच्या भरवशावर सून ठरवता, तर पुस्तकच सून करून न्या. तुझी कादंबरी हळदकुंकू लावून त्यांच्या पिशवीत घातली. मी म्हटलं, ओटी भरायची राहिली की गं!

पंचफुलानं तुला माफ केलं. ती भोळी हाय, मी न्हाई. लोभ वाढवायचा का, ते बघते.

तुझी आजी

ता. क. संक्रांतीला तिळाच्या पोळ्या स्वतः लाटून पंचफुलाला पाठव. मला एकही नको. माझं तोंड एवढ्यात गोड व्हायचं न्हाई.