डावीकडे झुकणारी बोट

३ डिसेंबर

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. साष्टांग घालायला या वेळी पाठ वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला समजावा. आईची तब्येत ठीक. आपल्या बोटींच्या शेडचं छप्पर ठीक. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला अजून वाचायची परवानगी नाही असं ताई म्हणाली, म्हणजे हे पत्र तीच वाचून दाखवणार. ताई, तुला त्रास देते आहे. एकच कर, लिहिलंय तसंच वाच. बापाला वाईट वाटेल म्हणून मधले शब्द गाळू नकोस.

मी फोनवर तोंड उघडलं की तुम्ही म्हणता, "आईला दे." म्हणून पत्र. पत्राला "आईला दे" म्हणता येत नाही.

तुमचा सवाल, नर्सबाईंची बोट अजून का दिली नाही. माझं उत्तर, द्यायच्या लायकीची नाही म्हणून.

ताईला बोटीतलं ओ की ठो कळत नाही आणि अर्धवट कळलं तर ती अर्धवट वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. ताई, ही तीच पांढरी बोट, दोन वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांनी तळ दुरुस्त करून नर्सबाईंना विकलेली. पलीकडच्या वस्त्यांवर औषधं, लशी आणि वेळ पडली तर अडलेल्या बायका, सगळं तीतूनच येतं-जातं. बाईंची तक्रार साधी होती. वेग घेतला की बोटीचं नाक आभाळाला लागतं, समोरचं दिसत नाही, आणि लाटेवर आपटून पाठीचे मणके मोजता येतात. काकांनी ऑपरेशनसाठी तुझ्याकडे निघण्याआधी मला सांगितलं, इंजिनाचा पंखा बघ, मागे टॅब लाव, मी यायच्या आत देऊन टाक.

मी पंखा बघितला. तीन पात्यांचा होता आणि पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, फार. ताई, चढावर सायकल मोठ्या गिअरमध्ये टाकली की पाय जड होतात ना, तसं त्या इंजिनाचं होत होतं. बिचारं पुरत्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नव्हतं. मागची बाजू खाली बसायची, नाक वर. मी शेडमधले तीन पंखे लावून पाहिले. दर वेळी तेवढंच पेट्रोल, तेवढंच सामान, तेच पाणी. चार पात्यांचा, कमी पिचचा बसला. शेवटचा वेग थोडा गेला, पण बोट लवकर पाण्यावर चढते आणि हळू चालवली तरी खाली बसत नाही. बाईंना शर्यत लावायची नाहीये, त्यांना लशीच्या बाटल्या फुटू द्यायच्या नाहीत.

मग टॅब. मागच्या बाजूला खाली, दोन टोकांना दोन स्टीलच्या पट्ट्या. खाली दाबल्या की मागची बाजू उचलली जाते आणि नाक खाली येतं. एकच दाबली तर तेवढीच बाजू उचलली जाते. दोन्ही जराशा दाबल्या आणि नाक असं शहाण्यासारखं खाली आलं की मी एकटीच हसले.

पण बोट डावीकडे झुकत होती. सरळ करायला डावा टॅब थोडा दाबला. पुरेना. आणखी दाबला. शेवटी पार तळाला नेला तेव्हा कुठे सरळ झाली.

हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते ताईने ऐकलंच असेल, पलंगाशेजारीच बसली होती. "मोजपट्टे, पंखा लावायला सांगितला होता, संशोधन करायला नाही! चार पात्यांची ओढ आहे ती. जुना पंखा परत लाव, बाईंना सांग पोरीची चूक झाली, आणि बोट दे."

पंखा एका दिशेने फिरतो आणि बोट उलट्या बाजूला कलते, हे मला माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत. म्हणूनच मला शंका आली, खरंच माझा पंखा चुकला असेल. रात्रभर डोक्यात तेच. सकाळी जुना पंखा परत लावला. तुमचा शब्द मोडला असं कुणी म्हणायला नको.

तेवढीच झुकते, काका. तुमच्या पंख्यालाही तेवढीच झुकते.

नाक खाली आलंय, डावा टॅब दाबून ठेवला की सरळही चालते, मग देऊन का टाकत नाही, असं ताईच्या मनात आलं असेल. कारण परतीच्या वाटेवर लाटा मागून येतात. तेव्हा टॅब वर घ्यावेच लागतात, नाहीतर नाक लाटेत रुततं आणि बोट एकदम आडवी वळते. म्हणजे टॅब दाबला तर रुतणार, उचलला तर कलणार. बोटीत एखादी बाई आडवी झोपवलेली असताना नर्सबाईंनी यातलं काय निवडायचं?

आणखी एक गोष्ट आहे. ती ताईच्या तोंडून तुम्हाला ऐकवायची माझी इच्छा नाही. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली की कळवा.

बोट मी दिलेली नाही. चार पात्यांचा पंखा परत चढवला आहे.

आपली,
पुतणी, जिला तुम्ही मोजपट्टी म्हणता


१२ डिसेंबर

काका,

तुमचं उत्तर मिळालं. अक्षर ताईचं, शिव्या तुमच्या. "दोन पंखे फिरवले म्हणजे मिस्त्री होत नाही" हे वाक्य तिने इतकं सुवाच्य लिहिलंय की फ्रेम करता येईल. खाली तिने स्वतःचं बारीक अक्षरात लिहिलंय, "बाबा उद्यापासून स्वतः वाचणार आहेत, आता मला यातून सोड." सोडली. हे पत्र तुमचं तुम्हीच वाचा.

तुम्ही लिहिता, पेट्रोलची टाकी डावीकडे असेल, बॅटरी डावीकडे असेल, डोकं वापर. वापरलं. टाकी रिकामी केली, बॅटरी मध्यावर आणली, दोर, नांगर, औषधांच्या पेट्या, सगळं धक्क्यावर काढलं. मीही उतरले. रिकामी बोट शांत पाण्यात, इंजिन बंद. धक्क्यावर पालथं पडून डोळा पाण्याच्या रेषेवर ठेवून पाहत होते, तेवढ्यात डोक्याशी चपला दिसल्या. नर्सबाई.

"काय गं, माझी बोट बाळंत व्हायचीये का? किती दिवस ठेवून घेणार?"

मी उठले. त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांचा मला फोन आला होता. म्हणाले, पोरीने भलताच पंखा बसवला, त्याच्या ओढीने बोट कलते. पोर चांगली आहे, पण हात कच्चा."

हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत, काका. तुम्ही ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पडल्यापडल्या गिऱ्हाइकाला फोन करून माझा हात कच्चा ठरवलात.

मी बोटीकडे बोट दाखवलं. बाईंनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. मान तिरकी केली. पुन्हा सरळ केली.

"इंजिन बंद आहे ना?"

"हो."

"मग आत्ता कोण ओढतंय?"

त्या नर्स आहेत. पाय सुजलेला असला तर चप्पल बदलून भागत नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. मी म्हणाले, "बाई, डाव्या बाजूला फळीखाली पाणी आहे असं मला वाटतं. खात्री नाही. खात्री करायची तर पायाखालची फळी कापावी लागेल, आणि बोट तुमची आहे. चुकले तर नवी फळी मी घालून देईन." त्या म्हणाल्या, "पोट उघडल्याशिवाय कळत नसेल तर उघड. मी इथेच बसते."

आई चहा घेऊन आली. करवत पाहिली आणि कप बाईंच्या हातात न देता धक्क्यावरच ठेवून मला म्हणाली, "तू बोट दुरुस्त करतेयस की घर मोडतेयस? ते येऊ देत, मग काय ते करा." मी ऐकलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही आणि पहिली रेघ वाकडी गेली. दुसऱ्यांदा आखली.

फळी उचलली. तिच्याखाली फोम असतो, बोटीत पाणी शिरलंच तरी ती तरंगत राहावी म्हणून. उजव्या बाजूचा कोरडा होता, नखाने टरफल निघेल असा. डावीकडे मी हात घातला आणि मनगटापर्यंत गेला. पिवळा, आंबूस वासाचा चिखल. मूठभर पिळला तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तरंगवण्यासाठी भरलेली वस्तू बोटीला खाली ओढत होती. वर फळी मात्र नवी, तुमची, कडा एकसारख्या तासलेल्या.

इथपर्यंत मी अजून तुमच्या बाजूने होते. खरं सांगते. मनात म्हटलं, घाईत वाळला नसेल, वरून फळी बसली असेल, माणसाच्या हातून होतं. बाईंनाही मी तसंच सांगायला निघाले होते.

पण पाणी निघायला वाट असतेच ना. म्हणून मागच्या बाजूला त्या कप्प्याचं निचऱ्याचं भोक शोधलं. बाहेरून दिसेना. रंगावरून हात फिरवत गेले तेव्हा बोटाला लागलं. भोकात लांबीचा लगदा भरून वरून रंग मारला होता. कोरडा कप्पा असता तर ते भोक कुणी बुजवलं नसतं. ते गळत होतं. विकायच्या दिवशी बोट शेडमध्ये टांगलेली असताना मागून टपटप गळताना गिऱ्हाइकाला दिसलं असतं.

लांबी पातीने दाबली की कडेला रेघ राहते, अंगठ्याने दाबली की राहत नाही, फक्त मध्ये उथळ खळगा येतो. मला हे कुणी शिकवलं? या शेडमध्ये अंगठ्याने लांबी दाबणारी माणसं दोन. दोन वर्षांपूर्वी मला लांबीच्या डब्याला हात लावायची परवानगी नव्हती.

म्हणजे पाणी आहे हे तुम्हाला फळी बसवण्याआधी माहीत होतं. मागे मी डाव्या टॅबबद्दल फोन केला तेव्हाही माहीत होतं. "चार पात्यांची ओढ" हे वाक्य तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात. आणि तेच, माझं नाव लावून, नर्सबाईंना सांगितलंत.

हे ताईच्या तोंडून तुम्हाला ऐकवायचं नव्हतं. पहिल्या पत्रात मला तुमच्या फळीखाली पाणी असल्याचा फक्त संशय होता. आता संशय नाही.

नर्सबाई माझ्याशेजारी वाकल्या होत्या. त्यांनीही त्या खळग्यावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, "गेल्या पावसाळ्यात मी या बोटीतून एक आठव्या महिन्यातली गरोदर पोर आणली. वाटेत मोठ्या लाटा होत्या. काकांना हे माहीत होतं?"

आई मागेच उभी होती. तिने माझा खांदा धरला. जोरात धरला, नखं रुतली. मला माहीत होतं तिला काय हवंय. "विचारून सांगते" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही झालं नसतं.

मी म्हणाले, "हो."

आईने खांदा सोडला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, जाते. काल भिंतीकडे बघून म्हणाली, "ज्याने सावली दिली त्याच्यावरच करवत चालवली." म्हणजे तुम्हीही हेच लिहिणार, तेव्हा कागद वाचवते. हो, बाबा गेल्यावर आम्हा दोघींना तुम्ही आणलंत. शाळेच्या आधी मला आकडे तुम्ही शिकवलेत, पंख्यांवर कोरलेले. बाकीच्या मुली बाहुल्या निजवत होत्या तेव्हा तुम्ही मला पात्याची धार अंगठ्याने वाचायला शिकवलीत. त्यातलं मी काहीही विसरलेले नाही. पण ते सगळं आणून तुम्ही या भोकात लांबीसारखं भरू नका. ते त्यासाठी नव्हतं.

तुम्हाला वाटेल पोरीला शेड हवी आहे. मला शेड नको. मला झोप लागत नाही, तुमची चांगली केलेली कामंसुद्धा डोळ्यांपुढे येतात आणि मी विचार करते, या बोटीच्या फळीखाली काय असेल. हे तुम्ही माझं केलंत.

आता कामाचं. डावा कप्पा पूर्ण खरवडला आहे, पंखा लावून वाळवते आहे, छपराचा. तळाला जी चीर सापडली, जिथून पाणी शिरत होतं, तिच्यावर नवा थर द्यायचा आहे. मग नवा फोम, नवी फळी. निचऱ्याचं भोक उघडं राहील. चार पात्यांचा पंखा तोच राहील. फळी बसली की पुन्हा पाण्यात नेईन, आणि डावा टॅब उजव्याइतकाच वर ठेवून ती सरळ चालली तरच बाईंच्या ताब्यात देईन. कसं चालवायचं, टॅब कधी वर घ्यायचे, सगळं त्यांना बोटीत बसून शिकवेन. बाईंनी तोपर्यंत दुसऱ्याची बोट मागून घेतली आहे. तुमच्याबद्दल त्या पुढे काय करणार आहेत ते मी विचारलं नाही आणि त्यांना थांबवणारही नाही.

ताई म्हणाली, तुम्ही डॉक्टरांशी भांडून रविवारीच निघणार आहात. या. शेड तुमची आहे, मला काढायचं असेल तर काढा, मी शब्द बोलणार नाही. फक्त ती बोट पाण्यात सरळ उभी राहिल्यानंतर काढा. त्याआधी मी जाणार नाही, आणि त्याआधी तुम्ही तिला हात लावायचा नाही. हे मी तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे.

घाबरलेली, तरी इथेच असलेली,
तुमची पुतणी